दुसरा स्पीकर

प्रोजेक्टरला पहिला वायरलेस स्पीकर चुटकीसरशी जोडला गेला. दुसऱ्याने मात्र नवऱ्याची अख्खी सकाळ खाल्ली. “एकावर भागणार नाही का?” बायकोने विचारलं. “छे! संध्याकाळी तुझी बहीण सिनेमा बघायला येतेय. टाचणी पडली तरी ऐकू आली पाहिजे.” अखेर त्याचाही निळा दिवा लागला. चाचणीसाठी त्याने लेकीच्या शाळेतल्या नाचाचा, स्वतःच काढलेला जुना व्हिडिओ लावला. बायको तेव्हा स्टेजमागे पोरींच्या वेण्या घालत होती. टीव्हीवर यात नुसत्या टाळ्याच ऐकू यायच्या. आज टाळ्यांच्या आडून बहिणीचा आवाज आला, “भाऊजी, हात सोडा ना. ताई येईल.” आणि नवऱ्याचा, “ती कुठली येतेय? वेण्या घालतेय.” नवऱ्याने झडप घालून प्रोजेक्टर बंद केला. “दुसरा स्पीकर बिघडलाय वाटतं. परत करतो.” “राहू दे,” ती म्हणाली. “बहीण आली की आधी हेच ऐकवू.”