नववा ठोका

हेडफोन आप्पांच्या डोक्यावर बसेना. विश्वजीतने वडिलांची टोपी काढून खुंटीला अडकवली, हेडफोन कानांवर नीट दाबला आणि कॉम्प्युटरवर प्ले केलं.

पुक, पुक, पुक, पुक.

खाली घुमणारा बेस, वर सिंथचे बारीक सूर, आणि मधोमध धायरीतल्या त्यांच्या पिठाच्या गिरणीचं डिझेल इंजिन. लोडशेडिंग संपलं तसं ते इंजिन भंगारात गेलं. जायच्या आदल्या दिवशी अकरावीतल्या विश्वजीतने त्याचा आवाज मोबाइलवर दहा मिनिटं घेऊन ठेवला होता. पुढं गिरणीही बंद झाली. तो आवाज आता कामाला आला होता.

जाहिरात पिठाच्या पाकिटाची होती. ज्या पाकिटांनी गिरणी बंद पाडली, त्यांनाच आता गिरणीचा आवाज हवा होता, आणि तो विकायला गिरणीवाल्याचाच मुलगा बसला होता. घरच्या खोलीत बसून इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्याला कामं निवडून घेता येत नाहीत. वर्षभरात त्याने दंतमंजनाला संगीत दिलं होतं आणि वाघोलीच्या एका बिल्डरच्या स्विमिंग पूललाही. एजन्सीतली शेफाली म्हणाली होती, हे जमलं तर पुढचं वर्षभर यांचं सगळं काम तुझं. ट्रॅक पसंतही पडला होता. फक्त शेवटची फाइल पाचपर्यंत पाठवायची होती. साडेतीन वाजले होते, आणि पाठवण्याआधी आप्पांना एकदा ऐकवावं असं त्याच्या मनात आलं. आलं नसतं तर दुपार सुखाची गेली असती.

आप्पा डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत बसले.

"ग्वाड वाजतंय. कुनाचं इंजिन हाय?"

"कुणाचं म्हणजे? आपलं."

"न्हाय. हे गेनबाचं हाय."

गेनबाची गिरणी ओढ्यापलीकडे होती. हयातभर आप्पांनी त्या बाजूला पाहून चहासुद्धा घेतला नव्हता.

"आप्पा, मी स्वतः रेकॉर्ड केलंय. आपल्या गिरणीत उभं राहून."

"आसंल. पर आपलं इंजिन नवव्या ठोक्याला आडखळायचं. आठ नीट, मग जरा थांबायचं, आन पुन्ना सुरू. गेनबाचं सरळ वाजायचं. बाया घरात बसून वळखायच्या, कुनाची गिरणी चालू हाय ते."

विश्वजीतची कानशिलं तापली. वेडेवाकडे ठोके एका सरळ रेघेत बसवायला कॉम्प्युटरवर एक बटण असतं. कुठलंही रेकॉर्डिंग आलं की तो ते आधी दाबून मोकळा होतो, सकाळी उठून चूळ भरावी तसं. आप्पांच्या इंजिनाचं लंगडणंही त्याने चूक समजून पुसून टाकलं होतं.

मूळ रेकॉर्डिंग शाबूत होतं. त्याने ते उघडलं. आठ ठोके, मग एक रिकामी जागा. त्या जागेत सगळी गिरणी उभी होती. ज्वारीच्या डब्यांची रांग वेगळी, गव्हाच्या डब्यांची वेगळी. आप्पांच्या पापण्यांवरचं पीठ. घरी नेताना पोटाशी धरलेला गरम डबा. शाळेतून येताना तो वळणावर थांबून ठोके मोजायचा. नववा अडखळला की समजायचं, आप्पा गिरणीत आहेत. मग तो पळत सुटायचा. हे आपण विसरलो कसे, याची त्याला फार लाज वाटली.

तासाभरात त्याने बेस आणि सिंथ त्या लंगड्या ठोक्याभोवती नव्याने बसवले आणि फाइल शेफालीला धाडली. मग तो पुन्हा हेडफोन घेऊन आला, तर आप्पांनी हात आडवा केला.

"कानात कशाला? भाईर लाव. इंजिन कुनी कानात घालून ऐकतं व्हय?"

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच्या नावाने आधीच दोन तक्रारी होत्या. तरी त्याने स्पीकर लावले आणि गॅलरीचं दार उघडलं. आठ ठोके, थांबा, आठ ठोके. आप्पांची मान डोलायला लागली.

फोन वाजला. शेफाली होती.

"विश्वजीत, हे मध्येच काय अडकतंय? कालचं परफेक्ट होतं."

"कालचं दुसऱ्याच्या गिरणीचं होतं."

"प्लीज, जोक नको. क्लायंटला हा ग्लिच चालणार नाही. पाचपर्यंत सरळ करून दे, नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

विश्वजीतने कॉम्प्युटरकडे पाहिलं. बटण जागेवर होतं. एकदा दाबलं की वर्षभराची ददात मिटणार होती.

इतक्यात खालून हाक आली.

"ज्ञानदेवा! गिरणी चालू केली का रं?"

तळमजल्यावरच्या मथुराबाई. ऐंशी पार केलेल्या, जुन्या धायरीतल्या, आप्पांना अजून नावाने हाक मारणाऱ्या. पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधे उभ्या राहून, कपाळावर हात धरून त्या वर बघत होत्या.

"कोण ओरडतंय तिकडे?" शेफालीने विचारलं.

"आमचं गिऱ्हाईक," विश्वजीत म्हणाला. "त्यांना ओळखू आलं. आता हे सरळ होणार नाही, शेफाली."

इकडे आप्पा उठले होते. त्यांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर नीट बसवली, गॅलरीत गेले आणि कठड्यावरून वाकले.

"केली, मावशी!" ते ओरडले. "ज्वारी आसंल तर आत्ता आन. गव्हाला येळ हाय."