फक्कीची रेघ

"सासू ठेवायची का काढायची, तेवढं सांगा. चारच्या आत नकाशा तालुक्याला पोचवायचाय," इंजिनिअर प्रसेनजीत म्हणाला.

त्याच्या हातात चुन्याच्या फक्कीचा डबा होता. कोडोलीच्या मागच्या उतारावर सकाळपासून तो पांढरी रेघ ओढत आणत होता आणि वारा ती मागच्या मागे पुसत होता. सायकल पार्क होणार पोरांसाठी, तर वाट पोरांनीच सांगावी, हा त्याचा हट्ट. पोरं सांगतही होती, पण चौघं एकदम. एकाला इथे वळण हवं, तर दुसऱ्याला तेच नको. त्यातूनही रेघ इथवर आली होती आणि सासूपाशी अडली होती.

सासू म्हणजे उतारावरचा दीड माणूस उंचीचा खडक. त्याच्या टोकावरून सायकलसकट खाली झेप घ्यायची. भलेभले तिच्यापुढे हात टेकतात, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. खाली उतरायची घसरण चौघांतल्या प्रेरणाने केली होती. दोन महिने घमेल्याने मुरूम वाहून, एकटीने.

"उद्या कुणाचं पोरगं पडलं तर गाव मला धरंल," सरपंच गणपतराव म्हणाले. "त्यापरास खडक फोडू. चार बाकडी टाकू, एक कारंजं करू."

"मग पार्क तरी कशाला म्हणायचं?" प्रेरणा ताडकन म्हणाली. "नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा!"

ती एका जागी उभी राहत नव्हती. हेल्मेटचा पट्टा लावत होती, काढत होती, परत लावत होती. गणपतरावांची अट साधी होती. कुणाच्याही घरचं एक वडीलधारं माणूस आणायचं, त्याने समोर उभं राहून उडी बघायची आणि हो म्हणायचं. मग सासू नकाशात राहील. बाकी तिघांच्या घरी या सासूचं नाव काढायचीही सोय नव्हती. म्हणून आज प्रेरणाचे वडील शंकरप्पा खडकाच्या पायथ्याशी उभे होते.

शंकरप्पा गुळाचे व्यापारी. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात त्यांची खोड सगळ्यांना ठाऊक होती. ढेप फोडून बघितल्याशिवाय ते हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. सख्ख्या मेहुण्याचा गूळही त्यांनी फोडून बघितला होता, आणि मेहुणा वर्षभर बोलला नव्हता. मुलीला सायकलवर मात्र त्यांनी तीन वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं. दुकान सुटत नाही, म्हणायचे.

"किती उंच हाय म्हणं हे?" स्कूटरची किल्ली बोटात फिरवत त्यांनी विचारलं.

"लई न्हाय, अप्पा."

"लई न्हाय म्हंजे किती?"

"तुम्ही फकस्त बघा की. मी मारतो."

प्रेरणा सायकल ढकलत वर गेली. पोरांचा गलका थांबला. वरून ती निघाली आणि ऐन कडेला ब्रेक दाबून थांबली. मागे गेली. परत निघाली, परत थांबली. शंकरप्पांनी शर्टावरूनच गळ्यातलं इष्टलिंग चाचपलं.

"जमत नसंल तर ऱ्हाऊ दे, बाळ!" गणपतराव खालून ओरडले. त्यांच्या आवाजात जरा जास्तच माया होती.

तिसऱ्यांदा खडी उडाल्याचा आवाज शंकरप्पांच्या कानावर आला. मग कसलाच आवाज आला नाही. ते फार वेळ चाललं. मग धप्पकन काहीतरी आदळलं, चेन खडखडली आणि पोरांनी एकच कल्ला केला.

प्रेरणा खाली पोचली होती. ती सायकलीला टेकून उभी राहिली. झालं एकदाचं, तिला वाटलं. परत कुणी मार म्हणालं तर आज काही जमायचं नाही.

प्रसेनजीत डबा घेऊन वाकला.

"मग काय शंकरप्पा, व्हय का न्हाय?" गणपतरावांनी विचारलं.

"अप्पा, बोला की," प्रेरणा म्हणाली.

शंकरप्पांचा चेहरा उतरला होता. हो म्हटलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. इतका वेळ सगळे खडकाकडे बघत होते. त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"मी बघितलंच न्हाय," ते म्हणाले. "हात आपसूक डोळ्यांवर गेलं."

गणपतराव हसले. "आता हो! पोरगी धडधाकट उभी हाय न्हवं समोर? व्हय म्हणा न्हायतर न्हाय म्हणा, पण मोकळं करा आमाला."

"बघितल्याबिगर कसं म्हणू?"

शंकरप्पा मुलीजवळ गेले. तिच्या सायकलीच्या जाड टायरवर त्यांनी बोट दाबून बघितलं. मग हळूच विचारलं, "परत मारशील?"

प्रेरणाने खडकाकडे बघितलं. पट्टा काढला, लावला.

"डोळं उघडं ठिवणार?"

"ठिवतो."

ती सायकल वळवून चढ चढायला लागली. शंकरप्पांनी प्रसेनजीतकडून फक्कीचा डबा मागून घेतला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरला. वरून प्रेरणा निघाली. या वेळी ती कडेला थांबली नाही. डबा कलला होता, फक्की त्यांच्या काळ्या चपलांवर सांडत होती, आणि शंकरप्पा बघत होते.