हेडरची ओळ

सोलापूरच्या एका कॉलेजात अंकुशे सर तासिका तत्त्वावर सी भाषा शिकवायचे. "मेमरी मागायला प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत ‘मॅलॉक डॉट एच’ हे जुनं हेडर लावू नका. ते प्रमाणित नाही, एखाद्या मशीनवर प्रोग्राम चालणारच नाही. ‘एसटीडीलिब’ लावा," असं ते वर्गात बजावून सांगायचे.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत माळशिरसच्या अपेक्षानं तसंच केलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी लॅब मॅन्युअल उघडून पाहिलं आणि तिच्या उत्तरपत्रिकेतल्या पहिल्याच ओळीवर लाल रेघ मारली.

"सर, प्रोग्राम चालतोय की. आउटपुट बघा ना."

"मॅन्युअलमध्ये मॅलॉक आहे. हे भलतंच तुला कुणी शिकवलं?"

अंकुशे सर शेजारीच उभे होते. जूनमध्ये त्यांची कायम नोकरीसाठी मुलाखत होती आणि हेच परीक्षक ती घेणार होते. सर मान खाली घालून हजेरीपट चाळत राहिले.

अपेक्षानं त्यांच्याकडे पाहिलं. ते एकच पान पुन्हा पुन्हा उलटत होते.

"कुणी नाही, सर," ती परीक्षकांना म्हणाली. "मीच वर्गात नीट ऐकलं नाही."