सगळ्यांना एकच साचा

"ती ओळ काढ," ऑफिसचे मालक ओमप्रकाश म्हणाले.

"नाही काढणार," रागिणी म्हणाली.

अकोल्यातल्या त्या ऑफिसात आसपासच्या दगडखदानींची आखणी होई. सुरुंग कुठं लावायचा, दगड किती निघेल, सगळं कॉम्प्युटरवर. पूर्वी प्रत्येक खदानीचा रिपोर्ट नव्यानं मांडावा लागे. ज्याला जे अडचणीचं, ते तो हळूच गाळून टाके. लग्न होऊन अकोल्यात आलेली रागिणी इथं नोकरीला लागली आणि तिनं रिपोर्टचा एक टेम्प्लेट बनवला. साचाच तो. एकदा सेव्ह केला, की कुठल्याही खदानीचा रिपोर्ट त्यातूनच निघणार.

त्यात तिनं एक ओळ घातली होती: जवळची विहीर किती अंतरावर. अंतर कमी भरलं, की रिपोर्टच्या माथ्यावर लाल अक्षरं उमटत, 'सुरुंग बंद'.

तेल्हाऱ्याकडच्या एका खदानीच्या रिपोर्टवर ती अक्षरं उमटली होती. शेजारच्या सुभद्राबाईंची विहीर सुरुंगाच्या हादऱ्यांनी तडकली होती.

"या एका खदानीपुरता दुसरा टेम्प्लेट सेव्ह कर. त्या ओळीशिवाय."

"उद्या सगळे तोच मागतील. मग साचा हवा कशाला?"

"अगं, तुझ्या बापाचं काय जातं?" ओमप्रकाश चिडले. तिला काढूनही टाकता येईना, कारण ते सॉफ्टवेअर ऑफिसात दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. "थांब. ज्याची खदान आहे, त्यालाच बोलावतो. त्याच्या तोंडावर नाही म्हण."

दुपारी खदानीचे मालक खुशालराव आले. सदऱ्यावर खडीची धूळ. रागिणी उठून उभी राहिली, मग बसली. ओमप्रकाशांनी चहा मागवला.

"एक बिनसाखरेचा," रागिणीनं चहावाल्याला सांगितलं.

खुशालरावांनी न विचारता तोच कप उचलला.

"मॅडम, माह्या खदानीनं तुमचं काय घोडं मारलं?"

"सुभद्राबाईंच्या विहिरीचं पाणी गेलं. ते विचारा."

"तिले विहीर बांधून देतो म्हनलं न मी."

"आणि पुढच्या सुरुंगाला ती पुन्हा तडकली तर?"

खुशालरावांनी कप खाली ठेवला. मग आवाज चढला. "कापूस पिकंना, पिकला तं भाव नाही. कापसानं दगा देल्ला, तवा त्या बरड रानातल्या दगडानं आमाले जेवू घातलं. पोरांचं शिक्षण त्याच्यावर झालं. अन् तुमी थे बंद करून राहिल्या?"

"मी नाही करत. अंतर कमी आहे." रागिणीचा आवाज जरासा हलला, पण मान हलली नाही.

"एवढी अक्कड कोनं शिकवली तुमाले?"

"घरी शिकवलं. खोटं लिहायचं नाही म्हणून."

खुशालरावांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. "चुकलंच त्या मानसाचं," ते म्हणाले.

ओमप्रकाश हसले. त्यांना वाटलं, आता पोरगी नमणार. रागिणीनं दोघांच्या देखत ती ओळ कुलूपबंद केली, म्हणजे यापुढं कोणालाच काढता येणार नाही, आणि टेम्प्लेट सेव्ह केला. मग तेल्हाऱ्याचा रिपोर्ट छापून खुशालरावांच्या हातात दिला. लाल अक्षरं जशीच्या तशी होती. खुशालराव कागदाची घडी करून जिना उतरले.

"मोठं गिऱ्हाईक घालवलंस," ओमप्रकाश म्हणाले.

"घालवलं," रागिणी म्हणाली.

ऑफिस सुटल्यावर ती खाली आली. खुशालराव अजून गेले नव्हते. दारातच मोटारसायकल आडवी लावून उभे होते. रागिणी थबकली, पण मागं फिरली नाही. सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"उद्या मजूर सुभद्रेच्या विहिरीवर लावतो," खुशालराव म्हणाले. "खदान तं बंद झाली. आता तुह्या मायले काय सांगू?"

"मी येते संगं," रागिणी मागं बसत म्हणाली. "मीच सांगते, बाबा."