मधला पट्टा

कऱ्हाड मागे पडलं तशी विश्रामरावांनी मुद्दामच गाडी हळू केली. पुढे ‘सर्व्हिस रोड’चा बोर्ड होता. शेजारी बसलेल्या बायकोनं, कुमुदनं, तो वाचला; पण विचारलं काहीच नाही.

पूर्वी हायवेला लागलं की तिची शाळा भरायची. “अहो, डायव्हर्जन म्हणजे? आणि मीडियन?” विश्रामराव वैतागून सांगायचे, “दोन रस्त्यांच्या मधला तो कण्हेरीचा पट्टा गं!” दिवाळीत व्याही गाडीत असताना तिनं तेच पुन्हा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “हिच्या डोक्यात काही टिकेल तर शपथ!” सगळे हसले. कुमुदही हसली. त्यानंतर तिनं एकही अर्थ विचारला नाही. गाडीतली ती शांतता आधी त्यांना बरी वाटली, मग खायला उठू लागली.

आज मधली कण्हेर गुलाबी फुलली होती. त्यांना राहवेना. “कुमुद, हा मधला पट्टा दिसतोय ना, त्याला...”

तिचं लक्षच नव्हतं. कानात इयरफोन घालून ती मांडीवरच्या मोबाईलला हळूच विचारत होती, “अंडरपास म्हणजे काय?” उत्तर ऐकून तिनं समाधानानं मान डोलावली.

मग त्यांच्याकडे लक्ष जाताच तिनं घाईनं इयरफोन काढला. “काही म्हणालात का? तुम्हाला कटकट नको, म्हणून घालते हो हे.”

“काही नाही. कण्हेर छान फुललीय, एवढंच.”

“हो ना,” म्हणत तिनं इयरफोन परत कानात घातला.