तीन वेढे

ज्या खोलीत बाळाचा पाळणा होता, तिच्याच कौलांवर आंब्याची पोखरलेली फांदी झुकली होती. शमिकाचा धाकटा दीर महेंद्र ती कापायला चढला आणि फांदीला बांधलेला दोर वरच्या बेचक्यातून खाली तिच्या हातात आला. बाळ शेजारच्या घरी ठेवलं होतं. निसटायला नको म्हणून तिने दोर मनगटाला घट्ट गुंडाळला. महेंद्र वरून ओरडला, "वयनी, काढ तो! हात उखडेल खांद्यातून. बुंध्याला तीन वेढे घाल. वजन झाड धरतं, तू नुसतं टोक सांभाळ." तिने वेढे घातले. फांदी कडकन सुटली, दोर ताणला गेला, पण तिच्या हाताला जेमतेम ओढ जाणवली. वीतवीत दोर सोडत तिने फांदी अंगणात टेकवली. एकही कौल हललं नाही. शमिका हसली, "भावोजी, आता पुढची कापा. मी आहे खाली!"