उशिरा साहेब

"ते पदक मले पाहिजे, साहेब," नंदिनी म्हणाली, आणि ठाण्यातल्या सगळ्यांच्या माना वळल्या.

ठाणेदार बोंद्रेंनी चहाचा कप खाली ठेवला. महिन्याच्या उत्कृष्ट कर्मचाऱ्याचं पदक आजवर कोणी असं तोंडानं मागितलं नव्हतं. साहेबांच्या मनात असेल ते नाव वर जायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. पण ही शिपाई बाई ठाम उभी होती. इतवारीतल्या भांड्यांच्या गोदामावर धाड पडली तेव्हा खालचं दार आपण अडवून धरलं, म्हणून पदक आपलं, असं तिचं म्हणणं.

धाड मोठीच गाजली होती. तलवार घेऊन लपलेला दरोडेखोर गोदामाच्या माळ्यावर सापडला. पण त्याच अंधारात कवडू नावाच्या हमालाचा गुडघा कोणीतरी काठीनं फोडला. बिचारा माळ्यावर पोती रचत होता, मारणारा कोण ते त्यालाही दिसलं नाही. माळ्यावर होता तो शिपाई धम्मदीप, दरोडेखोराच्या छातीवर बसलेला. आपण वर पोचलो तेव्हा हमाल आधीच विव्हळत होता, असं तो सांगत राहिला. कोण ऐकतो? बोंद्रे साहेबांनी चौकशीत सांगितलं, मी उशिरा पोचलो, तोवर सगळं आटोपलं होतं. झालं. धम्मदीप निलंबित होऊन घरी बसला, आणि त्याची नोकरी आता जाते की मग जाते एवढंच राहिलं होतं.

निलंबित माणसाला पदक देता येत नाही. म्हणून जागा रिकामी होती, आणि त्या जागेवर नंदिनीनं डोळा ठेवला होता. धम्मदीप तिच्याच बॅचचा. ट्रेनिंगमध्ये एका डब्यात जेवलेली ही दोघं.

"पदक पूर्ण पथकाले देऊ," साहेब म्हणाले. "वाद कायले?"

"पथक कोणतं, साहेब? धम्मदीप गेला वर, मी होती खाली. तुम्ही तर होतेच नाही. तुम्ही उशिरा आले."

हवालदार रुपरावांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात जिरवलं. बोंद्रे साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी तिला बाहेर जायला सांगितलं.

ती बाहेर गेली आणि बोलतच राहिली. तर्री पोह्याच्या ठेल्यावर, कोर्टाच्या आवारात, बंदोबस्ताच्या गाडीत. आपला ठाणेदार म्हणजे उशिरा साहेब, दरोडेखोराचे हात बांधून झाले की यांची जीप निघते. लोकांना काय, मजाच. आठवडाभरात साहेबांच्या पाठीमागे सगळे त्यांना उशिरा साहेबच म्हणू लागले. एका लग्नात त्यांच्या साळ्यानंही जेवणाच्या पंगतीत तेच नाव घेतलं म्हणे.

दुसऱ्या दिवशी बोंद्रेंनी पदकासाठी स्वतःचंच नाव पाठवलं.

नंदिनी तडक सदर भागातल्या पोलिसांच्या मोठ्या ऑफिसात गेली आणि तिथंही भांडली. साहेब धाडीत नव्हतेच, तर पदक कशाचं? वरच्यांनी तिला गप्प बसवलं, वर शिस्तीची ताकीद दिली. तिनं ताकीद घेतली आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला.

ठाण्यातल्या बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. मैतर घरी उपाशी, अन हिले मिरवायचं आहे, असं त्या तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत. एका रविवारी ती धम्मदीपच्या घरी गेली. दारात त्याची आई सिंधूताई उभी होती. नंदिनी "जय भीम, काकू" म्हणाली. म्हातारीनं उलट जय भीम केला नाही.

"माझ्या लेकाची भाकर चालली," सिंधूताई म्हणाली. "तो जेवून नाही राहिला, झोपून नाही राहिला. अन तुले त्याच्या जागी पदक पाहिजे. काहून वं, पोरी?"

"भांडणार मी, काकू. तुम्ही काही म्हणा, मी मागं नाही हटत."

दार लागलं. नंदिनी गल्लीच्या तोंडाशी गाडीवर बसून रडली. फार लागलं होतं तिला ते. मग तिनं तोंड पुसलं आणि ड्यूटीवर गेली, आणि त्या दिवसापासून तर तिचा आवाज आणखीच चढला.

समारंभाला सभागृह गच्च भरलं होतं. इथली रीत अशी, की पदक मिळालेल्यानं आपल्या शौर्याची हकीकत स्वतःच्या तोंडानं सांगायची, आणि तिचा व्हिडिओ काढून सगळ्या ठाण्यांना पाठवायचा. पहिल्या रांगेत उपायुक्त मॅडम बसल्या होत्या. धम्मदीपची चौकशी त्यांच्याकडेच होती. नंदिनी मागे भिंतीला टेकून उभी होती. बोंद्रे साहेबांनी पदक छातीवर लावून घेतलं, माईक हातात घेतला आणि बरोबर तिच्याकडे बघितलं.

"काही लोक मले उशिरा आला म्हणतात," ते म्हणाले. "आज सर्वांसमोर सांगतो. त्या जिन्यावर पहिला पाय माझा पडला. माळ्यावर मी एकटा होतो. धम्मदीप मागून आला. अंधारात जो समोर आला, त्याले याच हातानं काठीखाली लोळवला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात नंदिनी वाजवत होती. उपायुक्त मॅडमनी वाजवल्या नाहीत. त्यांनी कॅमेऱ्यावाल्याला जवळ बोलावलं आणि धम्मदीपच्या चौकशीसाठी तो व्हिडिओ मागून घेतला.

नंदिनी व्हरांड्यात आली आणि तिनं फोन लावला. पलीकडे सिंधूताईनं उचलला.

"काकू," नंदिनी म्हणाली, "धम्मदीपची वर्दी इस्त्रीले टाका."